बाहुलीच्या घशातला बोळा

१

बाहुलीची छाती काही केल्या हलेना.

डॉ. विशाखा निकाळजेने मास्क उचलला, बाहुलीची मान किंचित मागं केली, मास्क पुन्हा नीट बसवला आणि रबरी फुगा दाबला. ती बाहुली म्हणजे नुकतं जन्मलेलं बाळ. न रडणाऱ्या बाळाला पहिला श्वास कसा द्यायचा, हे विशाखा शिकवणार होती. फुगा दाबला की छाती वर यायला हवी, एवढी साधी गोष्ट. पण क्रांती चौकाजवळच्या त्या सभागृहात जिल्हाभरातले डॉक्टर दाटीवाटीने बसलेले, मोठ्या पडद्यावर बाहुली म्हशीएवढी दिसत असलेली, आणि छाती मात्र ढिम्म.

"बाळ गेलं वाटतं, मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह हसलं.

मंचावर बसलेल्या डॉ. तनुजा शिरसाठ हसल्या नाहीत. त्या निरंतर शिक्षण समितीच्या सचिव होत्या. डॉक्टरांना आपली नोंदणी टिकवायची तर अशा शिबिरांत बसून गुण मिळवावे लागतात, आणि कुठलं शिबिर गुणांच्या लायकीचं आहे हे ही समिती ठरवते. सचिवाने हसायचं नसतं. पण पोटात ज्या गुदगुल्या होत होत्या त्यांना सचिवपद कुठलं कळायला! गेली कित्येक वर्षं या क्षणाची त्या वाट बघत होत्या म्हणा ना.

सकाळपासून त्यांचं डोकं फिरलेलं होतं. आधी सत्कार, मग शिबिर, ही आपल्याकडची रीत. बाहुल्या आतल्या खोलीत मांडून विशाखा सत्काराला मंचावर आली, आणि तिची ओळख करून द्यायचं काम नेमकं तनुजाबाईंच्या गळ्यात पडलं. त्यात चष्मा आतल्या खोलीत राहिला. त्यांनी आपल्या सहकारी मोनिकाला तो आणायला पिटाळलं, पण ती लवकर येईना. शेवटी विशाखाचे सगळे पुरस्कार त्यांना न वाचताच सांगावे लागले. सांगता आले, कारण ते त्यांना पाठच होते.

पडद्यावर आता विशाखाचं बोट बाहुलीच्या तोंडात शिरलं. गालात काहीतरी चाचपलं, आणि तिने हळूच ओढून काढला गॉजचा एक बोळा. हसणं थांबलं. विशाखाने बोटं पदराला पुसली. मोरपंखी महेश्वरी साडी होती. तनुजाबाईंची नजर सकाळपासून त्या साडीवरून हलली नव्हती. पदरावर उठलेला गडद डाग त्यांना लगेच दिसला आणि फार बरं वाटलं.

समितीचे अध्यक्ष डॉ. काकासाहेब औताडे उठले. "मॅडम, शिकवणाऱ्यानं साहित्य आधी तपासायचं, हा आपला नियम आहे. तपासलं होतं का?"

"तपासलं होतं, सर. सत्काराला यायच्या अगदी आधी. चारही बाहुल्यांची छाती व्यवस्थित हलत होती."

"मग हा बोळा काय आभाळातून पडला?"

पुन्हा हशा. काकासाहेबांचा कार्यकाळ संपत आला होता आणि रविवारच्या बैठकीत नवा अध्यक्ष ठरायचा होता. विशाखाचं नाव जवळजवळ पक्कं होतं. दुसरं नाव तनुजाबाईंचं. काकासाहेबांनी सभागृहावर नजर फिरवली आणि म्हणाले, "चौकशी होईल. निष्काळजीपणा ठरला तर यांच्या शिबिरांची मान्यता वर्षभर बंद. चौकशी तनुजा मॅडम करतील."

आता विशाखा हरकत घेणार, असं सगळ्यांनाच वाटलं. मान्यता गेली तर खेडोपाडी तिने उभं केलेलं सगळं काम बंद पडणार होतं, आणि चौकशी प्रतिस्पर्ध्याच्या हातात! तिने तनुजाबाईंकडे सरळ बघितलं.

"मला चालेल," ती म्हणाली.

२

"चालेल म्हणे! उपकारच केले जसे काही," दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरात तनुजाबाई म्हणाल्या.

टेबलावर सोयगावकडचा एक तरुण होता, मोटारसायकलवरून पडून जबडा मोडलेला. तनुजाबाई भूलतज्ज्ञ, मोनिका त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढे त्यांच्याच जोडीला राहिली. डॉ. मोनिका तुपे मूळची वैजापूरची, बापाचा कांद्याचा अडत धंदा, बोलायला कमी आणि हाताला हलकी. तनुजाबाई बोलत राहायच्या आणि काम तिच्या हातून होत राहायचं, अशी त्या दोघींची वहिवाट पडली होती.

"आम्ही घाटीच्या मेडिकल कॉलेजात एकत्र होतो तेव्हाही हिचं असंच. मी मर मर अभ्यास करायचे आणि सर विचारायचे, विशाखा कुठंय? कालचं भाषण ऐकलंस ना तिचं? ती हात कसे हलवते बघितलंस?"

"बघितलं, मॅडम." मोनिकाने गॉजची पट्टी पाण्यात बुडवून पिळली. जबड्याचं रक्त खाली उतरू नये म्हणून ती रोग्याच्या घशात भरायची असते. कोरडी भरली तर घसा सोलवटतो.

"आणि साडी! शिबिराला कुणी महेश्वरी नेसतं का?"

"नाय नेसत." मोनिकाने पट्टी सफाईने आत बसवली. "मॅडम, माझ्या त्या पेपरचं काय झालं? तुम्ही वाचणार होता."

"वाचते गं. पण तू सांग, तिने खरंच तपासलं असेल? मला तर वाटतं सत्काराच्या नादात विसरली असणार."

 मोनिका मॉनिटरकडे बघत राहिली.

बाहुल्या शिबिराच्या आदल्या रात्री डॉ. ऋतुराज काळवणेच्या दवाखान्यात ठेवल्या होत्या, हे तनुजाबाईंना ठाऊक होतं. ऋतुराज बालरोगतज्ज्ञ, आणि विशाखावर त्याचा दात. त्याने रात्री बोळा घातला, विशाखाने सकाळी तपासलंच नाही, आणि आता ती खोटं बोलते आहे: सगळं कसं छान जुळत होतं. दोघंही एकदमच तोंडावर पडले असते. तनुजाबाईंनी ऋतुराजला फोन लावला.

"या ना मॅडम," तो म्हणाला. "तुमचीच वाट बघतोय. मला कबुली द्यायची आहे."

३

ऋतुराजची कबुली निराळीच निघाली.

"जळतो मी तिच्यावर. बिनधास्त लिहा," त्याने चहा पुढं सरकवत सांगितलं. "माझ्या व्याख्यानाला लोक येतात, हजेरी लावतात आणि थेट जेवणाच्या रांगेत जातात. एकदा तर माझ्यासमोर फक्त माइकवाला बसला होता. आणि तिच्या शिबिराला? लोक जेवण सोडून उभे! मॅडम, आपल्या गावात डॉक्टर जेवण सोडतात का कधी? तिने काय जादू केली कुणास ठाऊक."

"बाहुल्या रात्री तुझ्याकडं होत्या."

"होत्या. स्टोअरची किल्ली माझ्याच खिशात. आणि खरं सांगू? असला बोळा घालायचं मला सुचलं असतं तर मी घातलाही असता. सुचलंच नाही, ह्याचंच वाईट वाटतंय." तो मनापासून हसला. "स्टोअर बघायचंय?"

स्टोअर म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली होती. मे महिना, दार उघडताच भट्टीसारखी झळ आली. कोपऱ्यात वाळत घातलेल्या फरशी पुसायच्या फडक्याला तनुजाबाईंचा हात लागला. ते कडकडीत वाळून काठीसारखं झालं होतं.

त्या तिथंच थांबल्या. विशाखाने पदराला बोटं पुसली तेव्हा डाग उठला होता. गडद डाग. म्हणजे बोळा ओला होता. या खोलीत रात्र काढलेला गॉज सकाळी ओला राहणं शक्यच नव्हतं. तो शिबिर सुरू व्हायच्या थोडाच आधी भिजवून घातलेला होता. म्हणजे विशाखाने तपासल्यानंतर. विशाखा खरं बोलत होती.

तनुजाबाईंना हे अजिबात आवडलं नाही. त्या साडीवर इतका जीव जाळला नसता तर डाग दिसला नसता, आणि डाग दिसला नसता तर आज अहवाल लिहून मोकळं होता आलं असतं. आपल्या मत्सरानेच आपला घात केला, असं त्यांना वाटलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

"काय झालं, मॅडम?" ऋतुराजने विचारलं.

"सत्कार चालू असताना तू कुठं होतास?"

"मंचावर. तुमच्या शेजारी! माझी शाल तुमच्या खुर्चीत अडकली होती, विसरलात?"

ते खरंच होतं. ऋतुराज मंचावर होता, काकासाहेब मंचावर होते, त्या स्वतः मंचावर होत्या. विशाखावर जळणारे झाडून सगळे त्या वेळी लोकांच्या डोळ्यांसमोर शाली पांघरून बसले होते. मग आतल्या खोलीत कोण होतं?

४

"कोरड्या बाहुलीच्या घशात ओला गॉज कोण घालतं, सर?" तनुजाबाईंनी विचारलं.

काकासाहेबांनी हातातला कानात बघायचा दिवा विझवला. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. बाहेर रोग्यांची रांग होती, पण प्रश्न ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं.

"चांगला प्रश्न काढला," ते म्हणाले. "बाहुलीला कोरडं काय अन् ओलं काय. घसा बुजवायचा म्हणजे कुणीबी कोरडाच बोळा कोंबंल. ओला कोण करंल? ज्याचा हात रोज जित्या माणसाच्या घशात गॉजचा पॅक भरतो, तो. त्याच्या हाताला तीच सवय. डोकं म्हणतं बाहुली हाय, हात ऐकत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी. नाहीतर तुम्ही." ते मिशीत हसले. "मी तर माइक सोडलाच नाय त्या दिवशी. अन् तुम्ही माझ्या डाव्या हाताला. सुटलो दोघं."

 तनुजाबाईंनी पाणी मागून घेतलं.

"मॅडम, एक सांगू का?" काकासाहेबांचा आवाज खाली आला. "ही समिती मी उभी केली. गावोगाव हिंडून डॉक्टर गोळा केले. आता लोक काय म्हणतात? विशाखा मॅडमची समिती! परवा एका पोरानं मला विचारलं, सर तुम्ही इथं कुणाला भेटायला आलात? लई लागलं मला ते. तेव्हा तुम्ही लई खोलात जाऊ नका. निष्काळजीपणा, एवढं एकच म्हणा. अध्यक्ष तुम्हीच."

 नाही म्हणायचं सोडून तनुजाबाई क्षणभर अध्यक्षाच्या खुर्चीत बसून आल्यासुद्धा.

"तसं बी तुमच्या हाताखाली समिती नीट चालंल," काकासाहेब रोग्याला आत घ्यायला उठता उठता म्हणाले. "तुमच्या कामात विसराळूपणा नसतो. पॅकच्या शेपटाला गाठ मारायची ती तुमची पद्धत बघा. काढताना बोटाला गाठ बरोबर लागती. सबंध शहरात दुसरं कुणी करत नाय तसं."

"माझे विद्यार्थी करतात," त्या सहज म्हणून गेल्या.

बोळा अजून त्यांनी जवळून पाहिलाच नव्हता. तो विशाखाकडे होता, आणि विशाखाच्या दारात जायचं त्या दोन दिवस टाळत होत्या.

५

विशाखाच्या दवाखान्यात पोरांचा नुसता कालवा चालला होता. ती मांडीवर एक बाळ घेऊन बसली होती आणि बाळाची आजी तिला गूळ-शेंगदाण्याची पुडी देत होती. तनुजाबाईंना त्या पुडीचाही राग आला. त्यांना रोगी कधी काही देत नसत. भूल उतरली की भूल देणाऱ्याला कोण ओळखतं?

"या," विशाखाने त्यांना आतल्या खोलीत नेलं. "मला वाटलं तुम्ही पहिल्याच दिवशी याल."

"बाकीच्यांशी बोलत होते."

"म्हणजे मी खोटं बोलते हे आधी नक्की करत होता."

तनुजाबाईंनी नजर चुकवली नाही. "हो. पण तू खरं बोलतेस. तू तपासलं होतंस."

विशाखा खुर्चीत बसली. तिला हे अपेक्षित नव्हतं. थोडा वेळ ती टेबलावरची खेळण्यातली गाडी पुढं मागं करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी सगळे हसले ना, तेव्हा मी मंचाकडं बघितलं. तुम्ही एकट्या हसत नव्हता. तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त आनंद तुम्हालाच झालाय."

 तनुजाबाईंचे कान तापले.

"तरी चौकशीला हो म्हणालीस?"

"तुम्ही माझ्यावर जळता, पण तुम्ही कामात खोटेपणा केल्याचं कधी ऐकलं नाही. बाकीच्यांचं सांगता येत नाही." विशाखाने कपाटातून प्लास्टिकची छोटी बरणी काढली. "हा तो बोळा. मला ह्यातलं काही कळत नाही. काढायला मात्र सोपा गेला. बोटाला काहीतरी टणक लागलं आणि तेच धरून ओढलं."

तनुजाबाईंनी झाकण उघडलं. गॉज वाळून आक्रसला होता. त्यांनी पट्टी हळूहळू उलगडली, आणि शेवटच्या टोकाशी त्यांची बोटं थांबली.

तिथं गाठ होती. घट्ट, नीट, दोनदा फिरवून मारलेली.

"काय आहे?" विशाखाने विचारलं.

"काही नाही," तनुजाबाई म्हणाल्या. "हे माझ्याकडं राहू दे?"

"ठेवा की. चौकशी तुमची आहे."

त्यांनी बरणी पर्समध्ये घातली. सत्काराच्या वेळी त्यांचा कुठलाच विद्यार्थी मंचावर नव्हता. आणि सभागृहात त्यांची विद्यार्थिनी एकच होती. चष्मा आणायला तिला आतल्या खोलीत त्यांनी स्वतःच पाठवलं होतं.

६

मोनिका थिएटरच्या चहाच्या खोलीत एकटीच होती. तनुजाबाईंनी बरणी तिच्या समोर ठेवली.

तिने ती उघडलीसुद्धा नाही. "गाठ मारली का मी?" तिने विचारलं. "मला आठवतच नाय. ट्रेमधला गॉज घेतला, बाटलीतलं पाणी घेतलं... हात आपोआप चालले बघा."

"का केलंस?"

"तुमचा चष्मा तिच्या बाहुल्यांशेजारी पडला होता. मी उचलला. बाहेर माइकवर तुमचा आवाज येत होता. चष्मा नव्हता तरी तुम्ही तिचं सगळं घडाघडा सांगत होता. कुठल्या साली काय मिळालं, कुठं भाषण केलं." मोनिकाचा आवाज चढला आणि वैजापूर त्यात पुरतं उतरलं. "मॅडम, मी इतकी वर्षं तुमच्याजवळ हाये. माझा एक पेपर छापून आलाय, त्याचं नाव सांगा बरं."

तनुजाबाईंना सांगता आलं नाही.

"नाय ना येत? माझं लग्न मोडलं तेव्हा मी सुट्टी घेतली होती. परत आले तर तुम्ही पहिलं काय म्हणालात? विशाखाला राज्याचा पुरस्कार मिळाला म्हणे! रोज सकाळी विशाखा, जेवताना विशाखा. मला लई वाटायचं, या बाईनं एकदा मान वळवून माझ्याकडं बघावं. पण तुम्ही तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं बघतच नाय. तुम्हाला वाटतं तुम्ही तिच्यावर जळता. अन् मी जळत होते तिच्यावर, तुमच्यापायी."

"म्हणून तिची फजिती केलीस?"

"वाटलं, एकदा तिचा पचका झाला की तुमचं मन निवंल. मग तरी..."  तिने तोंड धुतलं, मास्क बांधला आणि दारात थांबून म्हणाली, "तुम्ही अहवालात काय बी लिहा. मी त्याविरुद्ध बोलणार नाय. निष्काळजीपणा लिहिलं तरी गप्प राहीन."

ती गेली. तनुजाबाई बरणीकडे बघत बसल्या. बरणी कचऱ्यात टाकली की संपलं. गाठीचा अर्थ विशाखाला माहीत नव्हता, काकासाहेबांना नको होता, मोनिका बोलणार नव्हती. अध्यक्षपद चालत दारात आलं होतं, तेही विशाखाच्या हातून सुटून. आणि खरं सांगितलं तर? शिष्येने केलं म्हटल्यावर गुरूने करवलं नाही, ह्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

त्यांनी बरणी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यावरचं पायाने उघडायचं झाकण दाबलं.

७

रविवारी बैठकीला सगळे वेळेवर आले, हेच मुळात नवल. विशाखा टेबलाच्या एका टोकाला बसली होती. मोनिकाला साक्षीला बोलावलं होतं. ती भिंतीशी उभी होती. काकासाहेबांनी घसा खाकरला. "हां, तनुजा मॅडम. थोडक्यात सांगा."

तनुजाबाईंनी पर्समधून बरणी काढून टेबलाच्या मधोमध ठेवली.

"थोडक्यात सांगता येणार नाही, सर." मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. साडीवरचा डाग, ऋतुराजच्या स्टोअरमधली झळ, ओल्या गॉजचा अर्थ. "काकासाहेब सर बरोबर म्हणाले. हे घशात पॅक भरणाऱ्या हाताचं काम आहे. पण शेपटाला अशी गाठ मारणारी या शहरात मी एकटी आहे. मी, आणि मी शिकवलेले."

 काकासाहेब पटकन म्हणाले, "मॅडम, विचार करून बोला."

"विचार केला, सर. म्हणून तर बोळा कचऱ्यात टाकता टाकता परत आणलाय. चष्मा आणायला मी डॉ. मोनिकाला आत पाठवलं होतं. तेव्हा तिने हे केलं."

"हो, मी केलं," भिंतीपासून मोनिका म्हणाली.

ऋतुराजने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "माफ करा मॅडम, पण तुम्हीच करायला सांगितलं नसेल कशावरून?"

"सांगितलंच म्हणायचं," तनुजाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी नाही. पण रोज तिच्या कानाशी मी दुसरं काय बोलत होते? मला विशाखाचा मत्सर वाटतो. कॉलेजपासून वाटतो. इथं बसलेल्या सगळ्यांनाच तो थोडाफार वाटतो, पण माझा मी दुसरीच्या ताटात वाढला. माझं नाव अध्यक्षपदासाठी धरू नका."

मोठ्याने बोलल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. विशाखा आता अध्यक्ष होणार, हा विचार तेवढ्यातही त्यांना चावून गेला.

झालीच ती अध्यक्ष. काकासाहेबांनी नाइलाजाने जाहीर केलं आणि लगेच म्हणाले, "पण ह्या पोरीचं काय? वर पत्र लिहू. नोंदणी निलंबित झाली तर अद्दल घडंल."

 सगळे विशाखाकडे बघू लागले. तिने बरणी हातात घेऊन गॉज उजेडात धरला.

"एवढ्याशा घशात इतका सफाईनं पॅक भरणं मला जमलं नसतं," ती म्हणाली. "मला तुझा राग आलाय, मोनिका, आणि तो लवकर जाणार नाही. सगळ्यांसमोर हसं झालं माझं. पण पत्र नको. वर्षभर माझ्याबरोबर तालुक्याला यायचं. प्रत्येक शिबिराआधी बाहुल्या तू तपासायच्या आणि तपासल्या असं माइकवर तू सांगायचं. चालेल?"

मोनिका सवयीने तनुजाबाईंकडे वळली. मग तिच्या लक्षात आलं की प्रश्न तिला विचारला आहे.

"चालेल, मॅडम," ती विशाखाला म्हणाली.

८

पावसाळा सरता सरता तनुजाबाईंना गुण कमी पडले. सचिव असल्या तरी नियम त्यांनाही लागू होता, आणि त्या महिन्यात गुण मिळणारं शिबिर एकच होतं: सोयगावला, विशाखाचं. काहीतरी कारण काढून टाळता आलं असतं. पण त्या गेल्या आणि शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसल्या.

मोनिकाने त्यांना पाहिलं नाही. ती बाहुल्या मांडत होती. मग माइक घेऊन तिने सगळ्या तपासल्याचं सांगितलं, त्यावर काहीतरी स्वतःचीच थट्टा केली, आणि गावाकडचे डॉक्टर खळखळून हसले. मोनिका थट्टा करते, हे तनुजाबाईंना माहीतच नव्हतं.

विशाखाने शिकवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "बाळाच्या घशात नळी घालायची ती माझ्याकडून शिकू नका. डॉ. मोनिका तुपे मॅडमकडून शिका. ह्याच विषयावरचा त्यांचा पेपर छापून आलाय, मी दोनदा वाचला. माझा हात त्यांच्याइतका हलका नाही." आणि ती बाजूला सरकून उभी राहिली.

मोनिका पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर जे फुललं होतं ते तनुजाबाईंनी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. थिएटरात दोघींच्याही तोंडावर मास्क असायचे म्हणून, असं म्हणता आलं असतं; पण ते कारण खरं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. साडी, टाळ्या, पुरस्कार, गूळ-शेंगदाण्याची पुडी, या सगळ्यांपायी मिळून जेवढी जळजळ झाली नव्हती तेवढी आता छातीत उठली.

शेजारचा तरुण डॉक्टर मान उंच करून बघत होता. "लई भारी शिकवतात ओ ह्या मॅडम," तो कुजबुजला. "कुणाच्या हाताखाली शिकल्या असतील?"

तनुजाबाईंनी तोंड उघडलं. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पुढं मोनिकाने काहीतरी विचारायला विशाखाकडे बघितलं, विशाखाने मान हलवली, आणि मोनिका पुन्हा बोलू लागली.

"विशाखा मॅडमच्या," तनुजाबाई म्हणाल्या, आणि पुढचं नीट ऐकू यावं म्हणून खांबाच्या आडून जरा सरकून बसल्या.